कमळाच्या टबातली क्लोइऑन

पोळ्याला आठ दिवस राहिले होते. रात्रभर पाऊस झालेला. सकाळी साडेसहाला गच्चीवर जाताना जिन्याच्या खिडकीच्या जाळीवर एक किडा दिसला. अंग करंगळीच्या नखाएवढं. पंख पाठीवर उभे, एकमेकांना टेकलेले, हात जोडावेत तसे. पुढचे दोन पाय जाळीवर न ठेवता समोर उचलून धरलेले. मागे दोन शेपट्या, अंगाहून लांब, केसासारख्या बारीक, टोकाशी जरा फाकलेल्या. डास असा बसत नाही. डास पंख पाठीवर आडवे मिटतो आणि त्याला शेपट्या नसतात. चतुर म्हणावं तर डोळे तेवढे मोठे नाहीत. रंग धुरकट, पंखांवर चुलीतली राख बसल्यासारखा.

कामावर जायची घाई होती, तशीच निघाले. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी, तसाच बसलेला वाटला. तोंड जवळ नेऊन पाहिलं तर आत काहीच नव्हतं. ती कात होती. पाठीवर उभी चीर, पायांचे सहा मोजे, शेपट्यांची दोन खोळं, आणि पंखांच्या जागी चुरगळलेली पांढरट साल. चार बोटांवर खरा किडा बसला होता आणि ओळखू येत नव्हता. काल राखेसारखे दिसणारे पंख आज काचेसारखे आरपार झाले होते. पुढच्या कडेला फक्त एक पिवळट तपकिरी पट्टी, साडीला किनार असावी तशी. मी जिन्यात दहा मिनिटं उभी राहिले. आई खालून विचारत होती, "चहा थंडा होऊन राहिला, काय करून राहिली वो वर?"

पंख फुटले की किड्याची वाढ संपली, पुढे कात नाही, असं मी बारावीच्या जीवशास्त्रात शिकले होते. फुलपाखरू कोशातून आलं की तेवढंच राहतं, डास तेवढाच राहतो, झुरळालाही पंख आले की ते कात टाकत नाही. पंख आल्यावर, उडून झाल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा किड्यांचा आज एकच गट आहे. तो मेफ्लायचा. पाण्यातून निघालेला हा पहिला धुरकट पंखवाला अवतार म्हणजे सबइमॅगो. त्याच्या पंखांवर आणि कडेवर बारीक लव असते, त्यामुळे ते मळकट दिसतात. काही तासांनी, फार तर दिवसाभराने, तो तीही साल उतरवतो, अगदी पंखांवरचीसुद्धा, आणि तेव्हा खरा प्रौढ होतो. माझ्या खिडकीच्या जाळीवर नेमकं हेच घडलं होतं.

मी नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षांपासून टेक्निशियन आहे. सकाळी उपाशीपोटीचे सॅम्पल, मग स्लाइडा, काउंट, रिपोर्ट. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी पहिल्या महिन्यात एकच गोष्ट डोक्यात पक्की केली होती: दिसलं तेवढंच लिहायचं, असावं असं वाटतं ते लिहायचं नाही. या किड्याच्या बाबतीतही मी तेच केलं. वहीत पहिली ओळ लिहिली, "पंखांची एकच जोडी. शेपट्या दोन."

त्या दोन गोष्टींनी बरंच काम झालं. बहुतेक मेफ्लायना पंखांच्या दोन जोड्या असतात, पुढचे मोठे त्रिकोणी आणि मागचे अगदी छोटे. ज्यांना मागचे पंख नसतात असे थोडे. त्यातल्या केनिस नावाच्या बारक्या किड्याला शेपट्या तीन असतात, तो इथेच गळाला. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं. किडा हलत नव्हता, म्हणून जाळीवरच धरून पंखाची कड पाहिली. मोठ्या शिरांच्या मधल्या जागेत, अगदी कडेला, छोट्या सुट्या शिरा असतात. बेटिस नावाच्या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, त्या जोडीजोडीने येतात. इथे प्रत्येक जागेत एकेकटी होती. मागचे पंख नाहीत, दोन शेपट्या, कडेला एकेरी शिरा, पंखाला तपकिरी किनार. क्लोइऑन, आणि मादी. किनार मादीलाच असते.

या वंशातली सगळ्यांत प्रसिद्ध जात म्हणजे क्लोइऑन डिप्टेरम. लिनियसने १७६१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि दोनच पंख म्हणून तिला डिप्टेरा म्हटलं. युरोपात ती डबक्यांत, बागेतल्या टाक्यांत सर्रास सापडते. पण तिथे जिला सगळे एकच जात समजत होते, तिचा डीएनए पाहिल्यावर दिसायला सारख्या अशा अनेक जातींचा तो गट निघाला. म्हणून डिप्टेरमचा फोटो पाहून "माझी पण हीच" म्हणणं चुकीचं आहे. मेफ्लायची जात पक्की करतात ती प्रौढ नरावरून. त्याच्या पोटाच्या टोकाला मादीला धरण्यासाठी एक बारीक चिमटा असतो आणि त्याच्या सांध्यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो. मादीवरून वंशापर्यंत जायचं आणि थांबायचं. लॅबमध्येही आम्ही तेच करतो. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून पाहताना, जांभळे गोल घोस दिसले तर तेवढंच लिहितो, कल्चर झाल्याशिवाय जंतूचं नाव लिहीत नाही.

नर आठवडाभराने सापडला, जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, मेलेला. त्याला मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि मी चिमटा विसरून डोळ्यांकडेच पाहत बसले. त्याला डोळ्यांचे दोन जोड आहेत असं वाटतं. बाजूला साधे गोल डोळे, आणि त्यांच्यावर, डोक्याच्या माथ्यावर, दोन मोठे तांबूस डोळे, बुंध्यावर उचललेले, वर सपाट पसरलेले. लग्नात नवरदेवाच्या बाजूला फेटे बांधून उभ्या असलेल्या मंडळींसारखे. शास्त्रातही त्यांना फेट्यावरूनच नाव पडलं आहे. खरं तर डोळा एकच असतो, त्याचा वरचा भाग असा फुलून आलेला असतो. तो फक्त आभाळाकडे पाहतो. नर हवेत थव्याने वरखाली नाचत असतात, मादी वरून येते, आणि उजळ आभाळावरचा तो एक ठिपका टिपण्यासाठी हा सगळा डोळा. मादीला असला डोळा नाही.

आणि तोंड? दोघांनाही नाही म्हटलं तरी चालेल. जबडे असतात ते नावापुरते, सुकलेले. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही, पीत नाही. आतडं असतं, पण त्यात अन्नाच्या जागी हवा भरलेली असते.

इंग्रजी नावातला मे महिना इंग्लंडचा आहे. तिकडे त्या सुमारास नद्यांवर यांचे थवे उठतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, विहिरीचं पाणी तळाला आणि कूलरला दिवसातून दोनदा पाणी. मराठीत याला काय म्हणतात म्हणून मी मामांना विचारलं. त्यांचं सगळं आयुष्य पारशिवनीत नदीकाठी गेलं. ते म्हणाले, "दिव्यावरचं पाखरू, बाप्पा, दुसरं काय?" आईने तेच सांगितलं. ग्रीक नावाचा अर्थ एक दिवसाचा. अ‍ॅरिस्टॉटलने हायपॅनिस नदीवरच्या अशा एका किड्याबद्दल लिहून ठेवलं आहे, सकाळी निघतो आणि सूर्य मावळताना मरतो म्हणून. त्यामुळे जो तो मेफ्लाय म्हटलं की एक दिवसाचं आयुष्य एवढंच सांगतो. मला हे मनापासून खटकतं. पाण्यातली वाढ कोणी धरतच नाही. हा किडा पाण्याखाली कित्येक आठवडे, थंड देशांत तर वर्ष-वर्ष जगलेला असतो. पंखांचा तो शेवटचा भाग आपल्या डोळ्यांसमोर घडतो, इतकंच.

मग हा पाण्याखाली कुठे होता? अंबाझरी आमच्या प्रतापनगरच्या घरापासून फार लांब नाही, म्हणून पहिला संशय तलावावर गेला. उत्तर माझ्या डोक्यावर होतं. गच्चीवर निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्यात मी कमळ लावलं आहे. खाली वीतभर काळी माती, वर हातभर पाणी. चहाची जुनी गाळणी एकदा फिरवली आणि पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत उपडी केली. चिखल बसला तशी आठ-दहा पिल्लं दिसली.

ती पाहण्यासाठी मी अक्षरशः ताटलीवर ओणवी झाले. अंग लांबट, फिकट हिरवं-तपकिरी. सहा पाय, प्रत्येक पायाला एकच नख. मिशा लांब. शेपट्या इथे तीन, प्रत्येकीला झालर, माशाच्या परासारखी. प्रौढ होताना मधली जाते आणि दोन राहतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले, सात जोड्या. पहिल्या सहा जोड्यांत प्रत्येक पान दुहेरी, सातवं एकेरी. आणि ते कल्ले स्वस्थ नसतात. पिल्लू एका जागी बसलेलं असतं, पण कल्ल्यांची लाट पुढून मागे सतत चालू, वाऱ्यावर ज्वारीचं शेत हलावं तशी. दोन सेकंद थांबते, पुन्हा चालू होते. ताटली उन्हात राहिली आणि पाणी तापलं तशी लाट थांबेनाशी झाली. लगेच ताटली सावलीत घेतली.

त्यामागे साधा हिशोब आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. वाहत्या नाल्यात पाणी स्वतः येऊन कल्ल्यांवरून जातं. साचलेल्या पाण्यात ते येत नाही, म्हणून क्लोइऑनला आपला वारा आपणच घालावा लागतो. ते दुहेरी पान, ती लाट, सगळं साचलेल्या पाण्यासाठी आहे. कल्ले पाहिले की हा किडा कोणत्या पाण्याचा ते कळतं.

मारबतीच्या आदल्या दिवशी डेंग्यूचं सर्वेक्षण करणारा मुलगा घरी आला. पाठीला पिशवी, हातात टॉर्च. कूलरची टाकी पाहिली, कोरडी होती. गच्चीवर आला, टबात उजेड मारला आणि म्हणाला, "ताई, याच्यात अळ्या हायेत. खाली करा लागन."

आई मागून म्हणाली, "अरे भाऊ, ते तिचे किडे हायेत. आठ दिवसापासून त्याच्यातच पाहून राहिली ते."

मी त्याला थांबवलं नाही, गाळणी आणली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या लॅबमध्ये काय असतं ते मी रोज पाहते. एनएसवन या डेंग्यूच्या तपासणीच्या किटांचा ढीग, आणि सकाळी ९० हजार प्लेटलेट असलेल्या पेशंटचा संध्याकाळचा काउंट ४० हजार. पलीकडे फोनवर नातेवाईक, आवाज कापत असतो. त्यामुळे डासाच्या बाबतीत माझ्या मनात जराही ढिलाई नाही. ताटलीत पाणी ओतलं आणि दोघं वाकून बसलो. खरंच दोन प्रकार होते. एक माझी पिल्लं, पाय असलेली, तळाशी, घाबरली की माशासारखा एक झटका मारून सरळ रेषेत पळणारी. दुसऱ्या पाच अळ्या बिनपायाच्या, वळवळत वर येणाऱ्या, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून, डोकं खाली करून लटकणाऱ्या. मेफ्लायचं पिल्लू श्वासासाठी कधी वर येत नाही, त्याचा श्वास पाण्यातच आहे. डासाच्या अळीला मात्र वर यावंच लागतं. त्या मुलाने ड्रॉपर मागितला, पाचही अळ्या स्वतः वेचल्या आणि मला म्हणाला, "हे पायवाले राहू द्या. पण हप्त्यातून एक दिवस गाळत जा, विसरू नका."

त्याचं बरोबर होतं आणि मी विसरत नाही. दर रविवारी कोरडा दिवस पाळतो तेव्हा टब गाळते, आणि पाण्याच्या रेषेच्या वरची कड काथ्याने घासते, कारण एडिस या डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात नाही, त्या ओलसर कडेला चिकटलेली असतात. सुकली तरी महिनोन् महिने तग धरतात. गप्पी मासे सोडले असते तर काम सोपं झालं असतं, पण त्यांनी क्लोइऑनची पिल्लंही ठेवली नसती. अर्ध्या तासाचं काम आहे, मी करते. दुसऱ्या दिवशी महालात काळी-पिवळी मारबत निघाली, "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून पोट्टे ओरडत होते, आणि त्या गर्दीत मला त्या पाच अळ्या आठवत होत्या.

टबाचं कळल्यावर स्वस्थ बसवेना. पुढच्या रविवारी भाच्याला घेतलं, अ‍ॅक्टिवावर वाडीच्या पुढे लाव्याकडे गेलो. ज्या नाग नदीवरून या शहराचं नाव पडलं ती तिथल्या टेकड्यांतून निघते. पावसाळ्यात तिथे काळ्या दगडांतून घोट्याएवढं पाणी वाहतं. भाच्याने एक दगड उचलून उलटा केला आणि ओरडला. बेटिस गटातली बारकी, निमुळती पिल्लं दगडाच्या ओल्या पाठीवरून सरकत होती. वाहत्या पाण्यात तोंड वरच्या दिशेला करून टिकून राहायचं म्हणून अंग माशासारखं निमुळतं, आणि कल्ले साधे, एकेरी. इथे पंखा घालायची गरज नाही, पाणीच येतं. आम्ही मोजून घेतली आणि दगड होता तसा, त्याच अंगावर ठेवला. दगड उलटा ठेवला तर त्याच्याखालचं बरंच मरू शकतं, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

अंबाझरीच्या काठाला गाळात केनिस मिळाली. तांदळाच्या कणीएवढी, गाळाने माखलेली, चटकन दिसतही नाही. तिच्या पाठीवर दोन चौकोनी झाकणं असतात आणि नाजूक कल्ले त्यांच्याखाली. गाळ कल्ल्यांत जाऊ नये म्हणून ती सोय. पंखवाला केनिस मात्र खराच काही तासांचा सोबती. तलावाकाठच्या दिव्यांखाली पहाटे पांढरी बारीक पूड पडलेली दिसते, ती यांची असते.

तिथून ग्रेट नाग रोडच्या बाजूला, एका पुलाखाली. नदी तीच. मी रबरी हातमोजे घातले, भाच्याला वर उभं केलं आणि दांड्याला बांधलेल्या गाळणीने काठचा काळा गाळ काढला. वास सांगायला नको, शहराचं सांडपाणी आहे. ताटलीत मेफ्लायचं एकही पिल्लू नाही. होते ते लाल किडे, बोटाच्या पेरापेक्षा बारीक, आकडा वळवून वळवून पोहणारे. कायरोनॉमस माशीच्या अळ्या.

या लाल रंगापाशी मी खूप वेळ थांबले, कारण तो माझ्या रोजच्या कामातला आहे. तो हिमोग्लोबिनचा रंग आहे. जे मी दिवसातून शंभर माणसांचं मोजते तेच. फरक एवढा की या अळीला तांबड्या पेशी नाहीत, हिमोग्लोबिन थेट द्रवात विरघळलेलं असतं. माणसाचं असं सॅम्पल आलं तर आम्ही हिमोलाइज्ड, म्हणजे पेशी फुटलेलं, म्हणून परत पाठवतो. इथे तेच जगण्याचं साधन आहे. जिथे प्राणवायू जवळपास नाहीच, तिथे तो अगदी थोडासाही पकडून ठेवणारं हिमोग्लोबिन. तोच झरा, तीच नदी, अ‍ॅक्टिवावर तासाभराचंही अंतर नाही, आणि एका टोकाला कल्ले तर दुसऱ्या टोकाला हे लाल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहिली आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर नदीबद्दल जे काही बोललं गेलं ते भिंती, पूल, गाळ आणि रुंदी यांबद्दल. ते बोलायलाच हवं होतं. पण या पाण्यात कोण जगतं आणि कोण जगू शकत नाही हेही कोणीतरी विचारावं असं मला फार वाटतं.

विचारायची रीत ठरलेली आहे. पाण्यातल्या किड्यांच्या कुळांना गुण देऊन नदीची तब्येत सांगायची पद्धत ब्रिटनमध्ये निघाली आणि आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही या धर्तीची पद्धत वापरली आहे. मूळ ब्रिटिश तक्त्यात एक ते दहा गुण आहेत. दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०. केनिसच्या कुळाला ७. माझी क्लोइऑन ज्या कुळातली, बेटिसही त्यातलाच, त्याला ४. लाल अळ्यांच्या कुळाला २. चिखलातल्या गांडुळासारख्या कृमींना १. माझ्या क्लोइऑनला चारच मिळाले याचं मला आधी वाईट वाटलं होतं. पण गुण किड्याला नाहीत, पाण्याला आहेत. क्लोइऑन टबातही जगते, म्हणून ती सापडली यावरून पाणी उत्तम असं म्हणता येत नाही.

पाण्याची बाटली भरून तपासली तर काय कळतं? त्या क्षणाचं पाणी. सकाळी सहाला कोणी टँकर रिकामा करून गेला आणि तुम्ही दहाला बाटली भरली तर सगळं ठीक येईल. उपाशीपोटीची साखर अशीच असते. पेशंट दोन दिवस गोड टाळून येतो आणि रिपोर्ट चांगला येतो. म्हणून आम्ही एचबीएवनसी करतो, त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं, तिथे लपवता येत नाही. दगडाखालचं मेफ्लायचं पिल्लू म्हणजे नदीचं एचबीएवनसी आहे. ते तिथे आहे म्हणजे गेल्या कित्येक आठवड्यांत एकाही रात्री त्या पाण्याचा श्वास पूर्ण बंद पडलेला नाही.

ते दहा गुणवालं मला पारशिवनीला मिळालं, मामांकडे गेले तेव्हा, पेंचच्या पात्रात. आमच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं याच पेंचचं. पाणी कमरेच्या खाली, स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. एक दगड उचलला आणि त्याच्या पाठीला जणू कोणी थापून लावलेलं असं एक पिल्लू दिसलं. डोकं खुरप्याच्या पात्यासारखं पसरट, डोळे वरच्या बाजूला, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले. बोटाने हलवायला गेले तर उडी नाही, पोहणं नाही, फक्त झरझर दगडाच्या दुसऱ्या अंगाला. असं चपटं राहिलं की वेगाचं पाणी वरून निघून जातं. मामा काठावरून पाहत होते. म्हणाले, "हे तर मासोळीचं खाणं. लहानपणी दगड उचलला का पाच-पन्नास पळत होते." मी तीन मोजली होती. त्यांना तेवढंच सांगितलं आणि दगड जागेवर ठेवला.

घरी आले तर जिन्याच्या छताखाली, सावलीच्या कोपऱ्यात, आणखी एक क्लोइऑन मादी बसलेली. पंख आरपार, म्हणजे कात टाकून झालेली. पोट भरलेलं, फिकट पिवळं. पहिलीला मी सोडून दिलं होतं, ती नुकतीच प्रौढ झाली होती, तिचं सगळं पुढे व्हायचं होतं. हिला काचेच्या बरणीत घेतलं, तोंडाला मलमल बांधली, आत ओला कापूस ठेवला आणि बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवली. डिप्टेरमची मादी दहा ते चौदा दिवस जगते, एक दिवस नाही. नराशी गाठ पडली की ती पाण्याकडे जात नाही. सावलीत कुठेतरी बसून राहते आणि अंडी तिच्या पोटातच वाढतात.

पाचव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर ती मला अस्वस्थ वाटली, बरणीत वर-खाली करत होती. लॅबमधून आणलेल्या वॉचग्लासमध्ये टबाचं पाणी घेतलं, मायक्रोस्कोपच्या सगळ्यांत कमी पॉवरखाली ठेवलं आणि तिला पंखांच्या टोकाला धरून अलगद पाण्यावर सोडलं. पोट पाण्याला टेकलं आणि सातव्या आणि आठव्या खंडांच्या मधून एक पिवळसर पुंजका बाहेर आला. तो पाण्यात पडताच विखुरला. अंडी तळाला गेली, लांबट, पारदर्शक, आत वळलेलं काहीतरी आणि दोन काळे ठिपके, डोळे. मी डोळा आयपीसवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोकस धरला. मिनिटही झालं नसेल. एका अंड्याची कड आतून दाबली गेली, फाटली, आणि त्यातून मिशा, पाय, शेपट्या उलगडत एक पिल्लू बाहेर आलं आणि पोहायला लागलं. मग शेजारचं. मग एकदम सगळीकडे. आईला हाक मारली. तिने चष्मा वर केला, आयपीसला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माय वो. किती घाई हाये यायले."

या वयात त्यांना कल्ले नसतात, इतक्या लहान अंगाला ते लागत नाहीत, श्वास कातडीतूनच चालतो. कल्ले पुढच्या कातींबरोबर येतील. डीएलसीसाठी, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायला, वापरते तो काउंटर घेऊन मोजायला बसले. २०० च्या पुढे गेल्यावर ती एवढी फिरत होती की कोणतं मोजलं आणि कोणतं नाही ते कळेना, तिथे थांबले. मादी पाण्यावर आडवी झाली होती, पंख पसरून. तिला स्पिरिटच्या बारक्या बाटलीत घातलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: क्लोइऑन, मादी, प्रतापनगर, गच्चीवरचा टब, पाणी २७ अंश. जातीची जागा मोकळी ठेवली.

मग वॉचग्लास दोन्ही हातांनी धरून वर गेले. गच्चीवर अंधार होता, आईने टॉर्च धरला. पाणी हळूच टबात ओतलं, आणि काच परत बुडवून दोनदा विसळली, एखादं चिकटून राहिलं असेल म्हणून.